साल

डर्बनच्या वेशीवर, जिथे शहर तीस वर्षं आपलं उष्टं ओतत होतं,
तिथे मी पहारेकरी होतो.
आता तिथे डॉक्टर नोक्वेथू म्ख्वानाझी जंगल लावते
आणि मी झाडं मोजतो.
पगार जवळपास तोच.

दर मंगळवारी: उंची, घेर, पानांवरची कीड.
ती विचारते, मी सांगतो, ती वहीत टिपते.
खड्डा खणला की अजून काय काय निघतं:
बाहुलीचा हात, टायर, बुटाची जीभ,
एकदा तर न उघडलेली जॅमची बरणी.
"मुळं वाट काढतात," ती म्हणते,
आणि तिच्या चेहऱ्यावरून कळतं
की हे अजून सिद्ध व्हायचंय.

आमच्या झुलूत झाडाला उमुथी म्हणतात,
औषधालाही उमुथीच.
विद्यापीठात मात्र दोन विभाग, दोन इमारती,
मध्ये गाड्यांचा तळ.
ती सात वर्षं तो तळ ओलांडतेय,
कागदांची चळत छातीशी धरून.

जूनमधल्या एका सकाळी दोनशे बारा नंबर उघडा दिसला.
इसिभाहा. माझ्या पोटरीएवढा घेर.
गुडघ्यापासून खांद्यापर्यंत साल नेलेली, चहूबाजूंनी,
बांगडीएवढीही मागे ठेवलेली नव्हती.
आतलं लाकूड ओलं होतं.
वर पानं हिरवीगार,
त्यांच्यापर्यंत अजून निरोप पोचला नव्हता.

पहारा माझा होता. मी बोललो नाही.
तीही बोलली नाही. टेप काढली, जखम मोजली.
चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

दुपारी बाजारात गेलो, पुलावरच्या,
जिथे बायका मुळ्या, कंद, साली पोत्यांवर मांडून बसतात
आणि खालून बसगाड्यांचा धूर वर येतो.
मा-सिबीसीच्या पुढ्यात तुकडे होते. ताजे.
नोक्वेथूने एक उचलून जिभेवर ठेवला.
हा तिखटपणा मिऱ्यापेक्षा उशिरा चढतो,
उतरतोही उशिरा.
तिने किंमत विचारली. घासाघीस न करता दिली.
मग पिशवीतून वाळलेली पानं काढली.
"पानांतही तेच आहे, मा. मी तपासलंय.
पानं खुडली तर झाड मरत नाही."

म्हातारीने पान चावलं, बराच वेळ,
उरलेल्या चार दातांनी.
"आहे," म्हणाली, "आहे तिखट.
पण खोकून खोकून वाकलेला माणूस येतो ना,
त्याला हातात काहीतरी जड लागतं.
पानाला कोण पैसे देईल, पोरी?
पान तर वाऱ्यानेही पडतं."

परतताना सिग्नलला ती एकदम म्हणाली:
"पाचवीत असताना माझी छाती भरली होती.
आईने हीच साल उकळून पाजली.
मी जगले.
ते झाड कुठलं होतं, कुणी विचारलं?"
मी काच खाली केली. हिरवा लागला.

दुसऱ्या दिवशी मी शेण आणि चिकणमाती कालवली
आणि जखमेवर लिंपली, आमच्या आजोबांसारखी.
"याला काही पुरावा नाही," ती म्हणाली,
आणि बादली धरून उभी राहिली.

वहीत एक रकाना आहे: मृत्यूचं कारण.
आग, वाळवी, पाणी तुंबणे, गुरे.
तिने पेन टेकवलं, उचललं,
पुन्हा टेकवलं. एक ठिपका उमटला.
तो ठिपका अजून तसाच आहे.

साल भरायला सालं जातात.
आमच्याकडे अनुदान मार्चपर्यंतचं.

सप्टेंबरात वरची पानं गळाली.
त्याच आठवड्यात लिंपणाखाली, मातीलगत,
तीन कोंब.
मी गुडघे टेकून मोजले: चार सेंटिमीटर, तीन, अडीच.
घेर, लिहिण्याजोगा नाही.

"लिहा," मी म्हणालो.
ती वही उघडून थांबली.
"दोनशे बाराच लिहू,
की नवा नंबर देऊ?"

मला काय ठाऊक.
मी फक्त मोजतो.